शेऱ्याचा रकाना

टिंबर मार्केटात सत्तावीस वर्षं मी मापाडी.
झाडाची न् माझी ओळख आडवीच.
गोलाईचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी,
निघालं घनफूट.
या हिशेबात शंभरातले एकवीस फूट मुळी धरतच नाहीत,
सालीत गेले, भुश्शात गेले म्हणायचं
आणि पुढच्या ओंडक्याकडे वळायचं.
उद्यमनगरातून फौंड्रीवाले यायचे पॅटर्नच्या लाकडाला,
शिवणीची फळी कानाशी धरून वाजवायचे,
"ही नगं चाचा, हिला गाठ हाय."
गाठीचं मी वेगळं रचून ठेवायचो.

आता शिरोलीला बोर्डाची कंपनी येतेय.
तिला गाठ चालते. ढलपी चालते, फांदी चालते,
मनगटाएवढं काहीही.
आठवड्याला चौदा ट्रक.
साहेब म्हणाले, शिकलगार, आजऱ्याच्या वरच्या अंगाला जा,
उभं किती आहे तेवढं बघून या.

उभं.

पहिल्याच ऐनाशी टेप कुठे लावायचा कळेना.
वखारीत आम्ही मधोमध धरतो.
इथलं मधोमध माझ्या तीन पुरुष वर,
आणि तिथे आग्यामोहोळ.
शेरडं राखत बसलेली बाबी झोरे म्हणाली,
"मापायला आलाईस न्हवं? मग मिठी मार की."
मारली. ऐनाच्या खवल्यांनी शर्टाची गुंडी काढून घेतली.
"किती भरला?"
"दीड मी."
"तसंच ल्ही कागदावर."

मला वाटलं, आता ही म्हणणार, तोडू नका.
ती म्हणाली, तोडा की. आमी काय चूल पेटवत न्हाई?
आणि कोयता घेऊन दाखवलं:
गुडघ्याच्या खाली, तिरका घाव,
वर पाणी थांबाय नगं, थांबलं की बुडखा कुजतोय.
मग दोन सालं त्या अंगाला शेरडू न्हाई.
तुझं न्हाई, माझंबी न्हाई.
धा फुटवं येत्यात, दोन ठेवायचं,
मांडीएवढं झालं की पुन्यांदा ये.

"म्हणजे किती वर्षांनी?"
तिने आकडा सांगितला नाही. नातवाकडे बोट केलं.
"ह्यो पोटात हुता तवा त्यो समोरचा तुकडा तोडलाय."
मी नातवाकडे बघितलं, मग तुकड्याकडे.
दोघांनाही नुकती मिसरूड फुटलेली.
रंगनाथ, आयटीआय झालेला,
रेंज मिळते त्या एकाच दगडावर उभा राहून
कंपनीचाच फॉर्म भरत होता.
"आजे, फोर्कलिफ्टवर घेतील म्हंत्यात."
बाबी त्याच्याकडे बघत राहिली,
कोयता नुसताच पदराला पुसत.

पलीकडे देवराई. तिथे टेप काढला नाही.
तिथे पडलेला ओंडकासुद्धा पडलेलाच असतो,
त्याच्यावर आळंबी, आळंबीवर गोगलगाय,
कुणाला कसली घाई नाही.

रात्री गडहिंग्लजच्या लॉजवर हिशेब मांडला.
डोंगराचे वीस तुकडे, सालाला एक.
तीन ट्रक बसतात.
बांधावरचा सिल्व्हर ओक धरला, माळावरची निलगिरी धरली,
पाच. ओढूनताणून सहा.
उरलेले आठ
त्या खोलीच्या पंख्याखाली रात्रभर फिरत राहिले.

शेऱ्याच्या रकान्यात मी आजवर एकेकच शब्द लिहिला:
पोकळ. फाटका. गाठाळ.
या खेपेला रकाना पुरेना, समासात गेलो:
ऐन. उभा. दीड मापाडी.
आठवड्याला सहाच. फुटवा मांडीएवढा होईतो थांबणे.

साहेबांनी दोनदा वाचलं.
"आठ कमी पडतायत, शिकलगार."
म्हटलं, शंभरातले एकवीस आपण कधी धरत नव्हतोच साहेब,
ते हेच असतील.
ते हसले नाहीत. पेन काढलं,
'थांबणे'वर एक रेघ ओढली.
शब्दाच्या खालून ओढली की शब्दातून,
चष्मा पुसून बघितलं, तरी नक्की सांगता येत नाही.

खिशात फोन थरथरतोय. रंगनाथ झोरे.
सकाळपासून तिसऱ्यांदा.
हात फोनकडे जातो,
आणि वाटेत गुंडीच्या रिकाम्या जागेवर थांबतो.